रुजू व्हायला लागलेली पाच वर्षं

माझ्या चुलतबहिणीनं यंदा बी.एड.ला प्रवेश घेतला आणि दुसऱ्याच दिवशी फोन केला, "ताई, मग झेडपीत किती दिवसांत लागते नोकरी?" अर्धा तास बोलूनही माझं सांगणं संपेना. शेवटी म्हटलं, थांब, लिहूनच काढते. मला २०१९ साली असं कुणी लिहून दिलं असतं तर निदान दोन-चार चकरा तरी वाचल्या असत्या.

तेव्हा मी नागपुरात नंदनवनातल्या एका क्लासमध्ये आठवी-नववीचं गणित शिकवायचे. महिन्याला ७ हजार. बी.एस्सी. होऊन आठ वर्षं झाली होती, लग्नाला तीन, आणि मुलगी दीड वर्षाची. शिक्षिका व्हायचं लहानपणापासूनचं स्वप्न वगैरे काही नव्हतं. समजावून सांगायला आवडायचं आणि क्लासचा मालक मे महिन्याचे पैसे द्यायचा नाही, ही दोन कारणं पुरेशी होती. २०१९ च्या उन्हाळ्यात बी.एड.ची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा दिली. ती निघाली. आणि मग कळलं की सीईटी हा यातला सगळ्यात सोपा भाग होता.

मी ओबीसी. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जात प्रमाणपत्र पुरत नाही, जात वैधता लागते, म्हणजे ते प्रमाणपत्र तपासून खरं ठरवल्याचा वेगळा कागद. वैधतेसाठी ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा दाखवावा लागतो. माझ्या वडिलांचा शाळेचा दाखला १९६९ चा. म्हणजे आजोबांपर्यंत जाणं आलं. आजोबा शाळेत गेले होते की नाही हेच घरात कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. आत्या म्हणाली, "गेले असन दोन-तीन वर्सं. सही करत होते ना ते."

जुलैच्या एका शनिवारी बाबा आणि मी काटोल तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो. जिल्हा परिषदेची शाळा, दोन वर्गखोल्या नव्या आणि एक कौलारू जुनी. मुख्याध्यापक सरांनी कुरबुर न करता जुन्या खोलीतली लोखंडी पेटी उघडली. आत दाखल-खारीज रजिस्टरं. पानं चहाच्या रंगाची, कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण शाई अजून निळीच. सरांनी चष्मा लावला आणि बोट एकेका ओळीवरून खाली नेत राहिले. बाबा बाजूला उभे, हात मागे बांधून, शाळकरी पोरासारखे. तासाभरानं बोट थांबलं. आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, जात, दाखल झाल्याचं साल १९४१. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण: ढोरे चारणे.

बाबांनी ती ओळ दोनदा वाचली आणि बाहेर जाऊन बसले. सरांनी उतारा लिहून दिला, शिक्का मारला आणि पैसे घेतले नाहीत. एवढं मात्र बजावलं, "याच्या चार साक्षांकित प्रती करून ठेवा आणि मूळ उतारा कोणालाच देऊ नका." हा सल्ला मला पुढची पाच वर्षं पुरला. तुम्हीही तो घ्या. अर्जाची पावती दाखवून कॉलेजात प्रवेश मिळाला, वैधता प्रमाणपत्र चार महिन्यांनी हातात आलं.

लग्न झालेल्या मुलींसाठी इथं दोन गोष्टी. पहिली नावाची. लग्नानंतर हौसेनं मी आधार कार्डावर सासरचं नाव लावून घेतलं होतं. दहावीपासूनच्या गुणपत्रिका माहेरच्या नावानं, जातीची सगळी कागदं माहेरच्या नावानं (जात वडिलांकडूनच येते), आणि ओळखपत्र मात्र वेगळ्याच बाईचं. प्रत्येक टेबलावर "ह्या कोण आणि त्या कोण?" हा प्रश्न. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद, या दोन कागदांवर सगळं निभावलं. राजपत्राचं काम ऑनलाइन होतं, काही शे रुपयांत. पण ते परीक्षेच्या फॉर्मआधी करा. फॉर्म भरल्यावर जाग येऊन उपयोग नाही.

दुसरी गोष्ट नॉन-क्रिमीलेअरची, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्याची. आरक्षणासाठी तोही लागतो. सरकारी दाखले काढून देणाऱ्या एका सेतू केंद्रावर मला नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला मागितला. मी दोन दिवस घालवून तो आणलाही. मग दुसऱ्या एका बाबूनं सांगितलं की विवाहित मुलीचं नॉन-क्रिमीलेअर तिच्या आईवडिलांच्या उत्पन्नावर निघतं. पुन्हा बाबांची कागदं, पुन्हा रांग. शिवाय याला मुदत असते. माझ्याकडे पाच वर्षांतली तीन नॉन-क्रिमीलेअर आहेत, फाइलमध्ये एकामागे एक, जुन्या लग्नपत्रिकांसारखी.

बी.एड.बद्दल फार लिहीत नाही. दोन वर्षांची फी मिळून ७० हजारांच्या आसपास गेली. पहिल्या वर्षी सूक्ष्म पाठ काढले, आपल्याच वर्गातल्या बायका समोर विद्यार्थी होऊन बसलेल्या. एकीनं तर चाळिसाव्या वर्षी "मॅडम, शू लागली" म्हणून मला पाठातून घालवलं होतं. मार्च २०२० ला सगळं बंद झालं. दुसऱ्या वर्षाची छात्रसेवा, जिथं आठवडेच्या आठवडे शाळेत जाऊन शिकवायचं असतं, ती आमची बरीचशी मोबाइलवर झाली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर फोन टेकवून मी समीकरणं शिकवली. पडद्यावर कधी चार मुलं, कधी नुसती चार नावं. पदवी हातात आली तेव्हा खऱ्याखुऱ्या वर्गासमोर मी एकूण वीसेक तास उभी राहिले असेन.

मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. पेपर दोनमध्ये गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यातलं एक निवडायचं. १५० प्रश्न, १५० मिनिटं. त्यात ३० गुण बालमानसशास्त्राचे, दोन भाषांचे ३०-३० आणि विषयाचे ६०. खुल्या गटाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. राखीव गटाला ५५ टक्के. २०२१ ची टीईटी आधी १० ऑक्टोबरला होती, मग ती सरकत सरकत २१ नोव्हेंबरला झाली. प्रत्येक नव्या तारखेला मी मुलीला आईकडे सोडायचा बेत आखायचे आणि मोडायचे. पेपर ठीक गेला. गणित-विज्ञान सोपं वाटलं, मराठी व्याकरणानं मारलं. मराठी माध्यमात शिकलेल्यांना ते फाजील वाटतं, म्हणून आधीच सांगते: समास आणि प्रयोग पुन्हा काढून वाचा.

निकालाची वाट बघायला सुरुवात केली आणि महिन्याभरात आधीच्या टीईटीतला गैरव्यवहार बाहेर आला. रोज पेपरात अटकेच्या बातम्या. आमच्या परीक्षेचा निकाल त्यात अडकला. तो लागला डिसेंबर २०२२ मध्ये. तेरा महिने. या तेरा महिन्यांत नातेवाईक एकच प्रश्न विचारत होते, "पास झाली का?" आणि निकालच लागला नाही हे उत्तर कुणालाच खरं वाटत नव्हतं. माझ्या सासूबाईंना वाटायचं की मी नापास झाले आणि सांगत नाही. त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही, फक्त एकदा जेवताना म्हणाल्या, "होत असते बाई, पुढच्या बारीला दे."

याच काळात मी एका इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत ९ हजारांवर काम केलं. आणि एका संस्थेतून निरोपही आला. शहराबाहेरची शाळा, पगारासाठी सरकारच्या वीस टक्के अनुदानावर आलेली, पुढचे टप्पे "येऊनच राहिले" होते. अध्यक्षांच्या बंगल्यावर चहा झाला, पोहे झाले, आणि मग त्यांच्या भाच्यानं गेटपर्यंत सोडायला येताना आकडा सांगितला. आमच्या घराची किंमत तेवढी नव्हती. त्यामुळे तत्त्वाला जागून मी नकार दिला असं म्हणता येणार नाही. पण ज्यांनी शेत विकून असे पैसे भरले आणि पुढे नेमणुकीला सरकारी मान्यताच मिळाली नाही, अशी दोन माणसं मला ठाऊक आहेत.

टीईटी पास झाल्यानं नोकरी मिळत नाही, हे बहिणीला तीनदा सांगावं लागलं. ती फक्त पात्रता. मला ८८ गुण पडले. खुल्या गटाला लागणाऱ्या ९० पेक्षा २ कमी. फॉर्म भरताना प्रवर्गाची कागदं जवळ नसती तर मी आजही क्लासमध्येच असते.

पात्रतेनंतर टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी. नावं सारखी वाटतात, घोळ होऊ देऊ नका. टेटमध्ये पास-नापास नसतं. तिथले गुण हीच तुमची गुणवत्ता यादीतली जागा. पहिली टेट डिसेंबर २०१७ ला झाली होती आणि दुसरी थेट फेब्रुवारी २०२३ ला, म्हणजे पाच वर्षांची गर्दी एका परीक्षेला. टीईटीचा निकाल आणि टेटचा फॉर्म यात मला जेमतेम सहा आठवडे मिळाले. फी ८५० रुपये. घरात अभ्यास होईना, म्हणून महिना ७०० रुपयांची अभ्यासिका लावली. पहाटे साडेपाच ते साडेआठ. बाकी सगळी पोरं एमपीएससीची. त्यांच्यात मी एकटी तेहतीस वर्षांची, डब्यात पोरीचा बिस्किटाचा पुडा घेऊन बसणारी.

परीक्षा २२ फेब्रुवारीपासून सुरू होत्या, संगणकावर. माझं केंद्र हिंगणा रोडवर. प्रजापती नगरहून लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो थेट जाते. तो पूर्वेकडचा टप्पा दोन-अडीच महिन्यांपूर्वीच सुरू झाला होता, त्यामुळे गाडीत माझ्यासारखेच दोघे-तिघे, मांडीवर हॉल तिकीट. २०० प्रश्न, १२० मिनिटं. एका प्रश्नाला ३६ सेकंद. अभियोग्यतेचे १२०, बुद्धिमत्तेचे ८०. मी गणितवाली असूनही आकडेमोडीच्या प्रश्नांत अडकले, कारण गणितवाल्या माणसाला उत्तर पूर्ण काढल्याशिवाय चैन पडत नाही. शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा ३४ प्रश्न बाकी होते. तुम्ही ही चूक करू नका. घड्याळ लावून सराव करा आणि अडलेला प्रश्न सोडून द्यायचाही सराव करा. निकाल महिन्याभरात, मार्चमध्येच आला. १२१. तो आकडा चांगला की वाईट हे सांगणारं कुणी नव्हतं. टेलिग्रामच्या ग्रुपवर रोज नवा कटऑफ निघायचा, सकाळी १०५, संध्याकाळी १४०. मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, कूलरसमोर बसून मी तो ग्रुप डिलीट केला. ती या सगळ्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट होती.

शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवर स्व-प्रमाणपत्र भरायला १ सप्टेंबर २०२३ ला सुरुवात झाली. इथं दहावीपासूनची सगळी माहिती, गुण, तारखा, प्रमाणपत्रांचे क्रमांक भरायचे. मी एका सायबर कॅफेत गेले, तिथल्या पोराला दोनशे रुपये दिले आणि घरी येऊन प्रिंट बघितली तर बी.एड. उत्तीर्ण झाल्याचं वर्षच चुकलेलं. मुदत बाकी होती म्हणून दुरुस्त करता आलं. फॉर्म स्वतः भरा, आणि प्रमाणित करण्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणाला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. आमच्याकडे हे काम नवऱ्यानं केलं. त्याला माझ्या बारावीतले इंग्रजीचे गुण त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

नंतर जानेवारीपर्यंत काहीच नाही. मग जाहिराती आल्या आणि २०२४ च्या फेब्रुवारीत प्राधान्यक्रम भरायचे होते. मुलाखतीशिवायच्या जागा, म्हणजे जिल्हा परिषदा, महापालिका वगैरे. आणि मुलाखतीसहच्या, म्हणजे खासगी संस्था. मला कोणत्या जिल्ह्यात गणित-विज्ञानाच्या माझ्या प्रवर्गाच्या जागा आहेत ते पोर्टल दाखवत होतं. त्यांना क्रम द्यायचा आणि लॉक करायचं. लॉक झाल्यावर हात बांधले. आम्ही भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा खाली काढला, रामटेकच्या जत्रेतून घेतलेला, आणि पट्टीनं अंतरं मोजली. आधी विदर्भ, मग मराठवाडा. नवरा म्हणाला, "पालघर टाकू नको." मी शेवटून तिसरं टाकलं.

२५ फेब्रुवारी, रविवार. रात्री लॉगिन केलं. तिसऱ्या पसंतीची जिल्हा परिषद, नागपूरला लागूनच असलेला जिल्हा. सासूबाईंना उठवून सांगितलं. त्या उठून बसल्या, देवापुढे दिवा लावला आणि म्हणाल्या, "आता पगार किती?" त्यावर नंतर येते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कागदपत्र पडताळणी. तीन टेबलं. मी फाइल अशी लावली होती की मूळ कागद डावीकडे, त्याचीच प्रत उजवीकडे, वर चिकटपट्टीवर क्रमांक. समोरच्या बाईंनी ती बघितली आणि शेजारच्यांना दाखवली. पाच वर्षांत मिळालेली ही पहिली शाबासकी. आजोबांच्या रजिस्टरचा उतारा त्यांनी मागितलाही नाही, वैधता प्रमाणपत्र पुरलं. तरी तो मी घेऊन गेले होते. वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, शंभराचा स्टॅम्प, सगळं जवळ ठेवलं. आणि १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. काही जिल्ह्यांत त्याआधी आदेश वाटून झाले होते, आमचे राहिले. खासगी शाळेचा राजीनामा मी देऊन बसले होते. नियुक्तीचा आदेश हातात येईपर्यंत आहे ती नोकरी सोडू नका. हे वाक्य मी ठळक केलं असतं, पण मला ते जमत नाही.

जून संपता संपता समुपदेशन, म्हणजे शाळा निवडायची बैठक झाली. मोठ्या सभागृहात पडद्यावर रिक्त शाळांची यादी, आणि गुणांच्या क्रमानं एकेकाचं नाव पुकारायचं. कुणी शाळा घेतली की ती ओळ लाल. माझा नंबर एक्केचाळिसावा. हायवेवरच्या शाळा पहिल्या वीस जणांत गेल्या. माझ्याकडे एक वही होती, त्यात मी एसटी आगाराच्या वेळापत्रकावरून गावं लिहून नेली होती: सकाळी गाडी जाते का, संध्याकाळी परत येते का. माझ्या शेजारची मुलगी अमरावतीकडची, तिला यातलं एकही गाव ठाऊक नव्हतं. तिला माझी वही दिली. माझं नाव आलं तेव्हा वहीतल्या पहिल्या सातही ओळी लाल होत्या. आठवी घेतली. विचार करायला मिनिटभर मिळतो, त्याहून जास्त नाही.

विदर्भात शाळा उशिरा भरतात. १ जुलै २०२४ ला पहिला दिवस होता. गणेशपेठच्या स्टँडवरून सव्वासहाची गाडी, मग फाट्यावरून तीन किलोमीटर ऑटो. पहिली ते सातवी, पटावर त्रेसष्ट मुलं, मुख्याध्यापक धरून चार शिक्षक. घंटा म्हणजे कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. रुजू अहवालावर सही केली, वेळ लिहिली: सकाळी ९.४०. सातवीच्या वर्गात अकरा मुलं. मी पूर्णांक संख्यांच्या पाठाचं टाचण तीन दिवस खपून केलं होतं. फळ्यावर तारीख घातली, वळले, तर पहिल्या बाकावरच्या पोरीनं हात वर केला.

"मॅडम, तुम्ही अप-डाऊन करान का इथंच राहान?"

टाचणात याचं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "अप-डाऊन." ती मागे वळून बाकीच्यांना म्हणाली, "सांगतलं होतं ना." मग पाटीवर लिहायला लागली. आधीच्या मॅडम दीड वर्षात बदली करून गेल्या होत्या, हे मला मधल्या सुट्टीत कळलं.

आता पगार. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, प्राथमिकला महिना १६ हजार मानधन. २०२३ च्या आधी ते ६ हजार होतं, त्यामुळे जुने लोक आम्हाला नशीबवान म्हणतात. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून माझा जाण्यायेण्याचा खर्च ऑटोसकट महिन्याला ३ हजारांत बसतो. पूर्ण वेतनश्रेणी जुलै २०२७ पासून. पावसाळ्यात दोनदा गाडी चुकली आणि ट्रॅक्टरवर बसून फाट्यापर्यंत आले. शिकवणं सोडून बाकीची कामंही आहेत. पोषण आहाराच्या नोंदी, युडायसची, म्हणजे शाळेच्या सरकारी आकडेवारीची माहिती, आणि माझ्याकडे आलेलं दाखल-खारीज रजिस्टर. यंदा जूनमध्ये सातवीच्या त्या अकरा जणांच्या ओळी मीच पूर्ण केल्या. दहा जणांसमोर "पुढील शिक्षणासाठी" लिहिलं. अकराव्याच्या आईवडिलांबरोबर तो वीटभट्टीवर गेलाय. त्याचा रकाना मी रिकामा ठेवला आहे, पेन्सिलनं बाजूला फोन नंबर लिहून. त्याला आठवीला बसवायच्या खटपटीत आहोत.

बहिणीला सांगायची शेवटची गोष्ट गेल्या दोन महिन्यांतली. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या जुन्या शिक्षकांनाही आता दोन वर्षांत टीईटी पास व्हावी लागणार. आमच्या शाळेतले एक सर बावीस वर्षं शिकवतायत. गावातल्या निम्म्या बापांना त्यांनीच वाचायला शिकवलंय. दिवाळीच्या सुट्टीआधी ते माझ्या टेबलाजवळ येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमचं ते बालमानसशास्त्राचं पुस्तक आहे काय अजून?"

पुस्तक दिलं. फॉर्मही मीच भरून दिला, मोठ्यानं वाचून घेऊन. परीक्षा २३ नोव्हेंबर २०२५ ची, केंद्र नागपूरला. काल शाळा सुटायच्या आधी त्यांनी एक सराव पेपर सोडवून माझ्यासमोर ठेवला. मी लाल पेन घेऊन तपासत होते आणि ते बाजूला उभे होते, हात मागे बांधून. १५० पैकी ७६.

"बालमानसशास्त्रातच कमी पडलो ना?"

"तिसात अकरा आहेत, सर."

ते पेपर घडी करून खिशात ठेवत होते तेवढ्यात दारात सहावीतलं एक पोरगं आलं. हातात लोखंडी सळई.

"सर, मारू काय घंटा?"

सरांनी घड्याळ बघितलं. "दोन मिनिटं थांब बे."